नऊ मीटरच्या बोटीला रात्री एक पांढरा दिवा पुरतो का?

प्रश्न उरणकडच्या एका तरुणाचा आहे. त्याने नऊ मीटरची फायबर बोट घेतली आहे, दोन आउटबोर्ड इंजिनं, वेग वीस नॉटपर्यंत, म्हणजे तासाला साधारण सदतीस किलोमीटर. मुंबई बंदरात नांगरावर उभ्या असलेल्या जहाजांना सामान पोचवायचं आणि अधूनमधून भाऊच्या धक्क्याला ये-जा करायची, असं काम आहे. तो विचारतो: रात्री एक मोठा पांढरा एलईडी लावला तर चालेल का? बरेच जण निळ्या-हिरव्या पट्ट्या लावतात, त्या चालतात का? भोंगा सक्तीचा आहे का? आणि मोठ्या जहाजांचे दिवे ओळखायचे कसे?

आधी थेट उत्तर. एक पांढरा दिवा तुमच्या बोटीला पुरत नाही. पट्ट्या काढून टाका. भोंगा ठेवा. चौथ्या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे, आणि माझ्या मते जीव वाचतो तो तिथेच. मी या बंदरात एकतीस वर्षं काढली आहेत. टगवर, म्हणजे जहाजं आणि बार्ज ओढणाऱ्या बोटीवर, खलाशी म्हणून लागलो, मग सुकाणी झालो, पुढे लाँचवर मास्टर. आता मुलांची तोंडी परीक्षेची तयारी करून घेतो. त्यामुळे हा प्रश्न मी दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या तोंडून ऐकतो.

एका बल्बची समजूत येते कुठून, ते सांगतो, कारण ती अगदीच निराधार नाही. समुद्रावरच्या टकरी टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ मध्ये ठरले आणि १५ जुलै १९७७ पासून लागू झाले. त्यात एक सवलत आहे: इंजिनाची बोट सात मीटरपेक्षा लहान असेल आणि तिचा जास्तीत जास्त वेगही सात नॉटपेक्षा जास्त नसेल, तर चारी बाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा चालतो. तिथेही जमत असेल तर बाजूचे दिवे लावाच, असं म्हटलं आहे. आपल्याकडच्या जुन्या लहान मचव्यांना ही सवलत लागू पडायची. त्या मचव्यांवर शिकलेल्या माणसांनी पुढे वीस नॉटच्या बोटी घेतल्या आणि सवय तीच राहिली. तुमची बोट लांबीतही बसत नाही, वेगातही नाही.

बारा मीटरपेक्षा लहान बोटीला लागतं ते एवढंच: उजव्या बाजूला हिरवा, डाव्या बाजूला लाल, आणि उंचावर चारी बाजूंनी दिसणारा एक पांढरा. चारी बाजूंच्या पांढऱ्याऐवजी डोलकाठीवर पुढचा पांढरा आणि पिछाडीला वेगळा पांढरा, असेही लावता येतात. पण नऊ मीटरला पहिली रीत सोपी आणि टिकाऊ. लाल-हिरवा एकाच डब्यात, नाळेच्या म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या मध्यावर बसवला तरी चालतो. वीस मीटरच्या आतल्या बोटींना ती मुभा आहे.

आता हे अंश समजून घ्या, कारण सगळी भाषा त्यांच्यावर उभी आहे. बाजूचा प्रत्येक दिवा नाकासमोरच्या रेषेपासून बाजूच्या थोडं मागेपर्यंत दिसतो, ११२.५ अंश. दोन्ही मिळून २२५. उरलेले १३५ अंश पिछाडीच्या दिव्याचे. म्हणजे समोरच्याला तुमचा फक्त लाल दिसला, तर त्याला कळतं की ही बोट मला डावी बाजू दाखवून चालली आहे. लाल-हिरवा दोन्ही दिसले, तर ती नाक माझ्यावर रोखून येते आहे. नुसता पांढरा दिसला, तर मी तिच्या पाठीमागे आहे. तुम्ही एकच पांढरा लावून मांडव्याहून निघालात आणि समोरून लाँच आली, तर तिचा मास्टर हेच वाचणार: ही बोट माझ्या पुढे, माझ्याच दिशेने चालली आहे, किंवा नांगरावर आहे. तो सावकाश जवळ येईल, आणि प्रत्यक्षात तुम्ही वीस नॉटने त्याच्या अंगावर येत असाल. म्हणून मुलांना सांगतो, चुकीचा दिवा अंधारापेक्षा वाईट. अंधारात माणूस निदान बिचकून असतो.

बसवण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण दुकानात चांगले दिवे मिळतात आणि बोटीवर ते वाया जातात. पांढरा दिवा बाजूच्या दिव्यांपेक्षा निदान एक मीटर उंच हवा. तसा नसला तर लांबून तीनही एकात मिसळतात आणि पांढरा रंगीतांना खाऊन टाकतो. लाल-हिरव्याचा डबा नाळेच्या रेषेत अचूक बसवा. दोन-चार अंश फिरला तरी समोरून येणाऱ्याला एकच रंग दिसेल. तुमची बोट वेग घेताना नाक वर काढते, हेही लक्षात ठेवा. धक्क्याला बांधलेली असताना दिवा सरळ दिसतो, पण वीस नॉटवर तो आभाळाकडे बघत असतो. म्हणून बसवायच्या आधी बोट तिच्या नेहमीच्या वेगाने चालवून, नाक किती उठतं ते कडेने बघा आणि तो कोन धरून बसवा. नाळेवर सामानाचे क्रेट रचायची सवय असेल तर तो डबा तिथे लावूच नका, केबिनच्या दोन्ही अंगांना वेगवेगळे दिवे लावा. मी एका बोटीवर पाहिलं आहे, दिवा एकदम नवा, झळझळीत, आणि त्याच्यापुढे बर्फाची पेटी आणि पेटीवर बसलेला खलाशी.

पांढऱ्या दिव्याखाली एक काळी थाळी लावा, ताटलीएवढी. नाहीतर त्याचा उजेड छतावर आणि काचेवर पडून तुमचेच डोळे दिपतात. अंधाराला डोळे सरावायला वीसेक मिनिटं लागतात, घालवायला एक सेकंद पुरतो. जीपीएसचा पडदा मंद करा, मोबाइल खिशात ठेवा.

वायर जहाजाला वापरतात ती कल्हई केलेल्या तांब्याची घ्या, जाडी कंजुषी न करता. बारा व्होल्टला बारीक वायर लांब ओढली की दिवा मिणमिणतो. बारा मीटरखालच्या बोटीचा बाजूचा दिवा एक सागरी मैलावरून (साधारण १.८५ किलोमीटर) आणि पांढरा दोन मैलांवरून दिसला पाहिजे. एक मैल ऐकायला खूप वाटतो. तुम्ही वीस नॉटने आणि समोरचं जहाज दहा नॉटने येत असेल, तर तो मैल दोन मिनिटांत संपतो. रंगीत काचेमागे साधा पांढरा एलईडी बल्ब घालू नका. ती काच जुन्या पिवळट बल्बसाठी केलेली असते, एलईडीने लाल गुलाबी दिसतो आणि हिरवा निळसर. पूर्ण दिवाच एलईडीचा, समुद्रासाठी मंजूर असलेला घ्या. स्वस्त एलईडीमुळे व्हीएचएफवर, म्हणजे बोटीवरच्या रेडिओवर, खरखर येते, तीही तपासा: सोळा नंबरच्या चॅनेलवर खरखर नुकतीच थांबेल इतपतच आवाज बंद करायचं बटण फिरवून दिवे एकेक लावा. एखाद्या दिव्यासरशी खरखर पुन्हा सुरू झाली तर तो दिवा परत करा.

आता पट्ट्या. नियम साफ आहे: सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत ठरलेल्या दिव्यांशिवाय दुसरा दिवा लावायचा नाही, लावलाच तर तो ठरलेल्या दिव्याशी गल्लत करणारा नको, त्याला झाकणारा नको आणि आपल्या पहाऱ्याच्या आड येणारा नको. निळी-हिरवी पट्टी या तिन्हींत नापास होते. डाव्या अंगाची हिरवी पट्टी म्हणजे तर सरळ खोटं बोलणं आहे. लुकलुकणाऱ्या पट्ट्या त्याहून वाईट. बंदरात लुकलुकतात ते बोये, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा, आणि दीपस्तंभ, बोटींचे बाजूचे दिवे स्थिर असतात. लाल दिसला आणि तो ठरावीक अंतराने विझतो आहे, तर तो वाटेचा बोया. लाल दिसला आणि तो स्थिर आहे, तर ती बोट. या एका फरकावर आम्ही रात्र काढतो. आपल्या भागात आत येताना लाल बोये डाव्या हाताला, हिरवे उजव्या हाताला असतात, बाहेर जाताना उलट. तुमची लुकलुकती हिरवी पट्टी मला बोया वाटली, तर मी तिला धरून वाट काढीन. लक्ष वेधायला डोळे दिपवणारे चमकते दिवे वापरणं टाळा, असंही नियमात वेगळं लिहिलं आहे. पट्ट्या लावणारी मुलं चांगली आहेत, आपली बोट लोकांना दिसावी असंच त्यांना वाटतं. त्यांना दटावण्यापेक्षा रात्री आपल्या बोटीवर घ्या आणि अर्ध्या मैलावरून त्यांचीच बोट दाखवा. माझ्या अनुभवात दुसऱ्या दिवशी पट्टी निघालेली असते.

मोठी जहाजं ओळखणं आपल्या बंदरात अवघड आहे, कारण मागे शहर आहे. भाऊच्या धक्क्याकडे येताना समोर पिवळ्या दिव्यांची भिंत, उजवीकडे जवाहर द्वीप, पाठीमागे न्हावा-शेवाच्या क्रेन, आणि आता अटल सेतूची माळ. त्यात चालत्या जहाजाचे दिवे हरवतात. माझी रीत अशी: एकेक दिवा शोधत बसायचं नाही, मागच्या दिव्यांवर नजर ठेवायची. किनाऱ्यावरचे दिवे एका ओळीत विझत गेले आणि पुन्हा उजळत गेले, की त्यांच्यापुढून काळं काहीतरी सरकतं आहे. ते जहाज. मग त्याचे दिवे शोधायचे.

पन्नास मीटर आणि वरच्या जहाजाला दोन पांढरे असतात, पुढचा खाली आणि मागचा उंच. खालचा ज्या बाजूला, तिकडे त्याचं नाक. खालचा डावीकडे असेल तर जहाज तुमच्या डावीकडे चाललं आहे आणि त्याची लाल बाजू तुम्हाला दिसेल. दोन्ही पांढरे एकावर एक आले आणि खाली लाल-हिरवा दोन्ही, तर विचार करायला वेळ नाही, बाजूला व्हा. उजवीकडून लाल येत असेल तर वाट तुम्ही द्यायची, हे सगळ्यांना पाठ असतं. डावीकडून हिरवा येत असेल तर हक्क आपला, हेही पाठ असतं, आणि इथेच मुलं फसतात. अरुंद वाटेत वीस मीटरखालच्या बोटीने, त्या वाटेबाहेर जाऊच न शकणाऱ्या जहाजाला अडथळा करायचा नाही. कंटेनर जहाज खोदलेल्या वाटेबाहेर गेलं की गाळात बसलंच. शिवाय जहाजाच्या नाकापुढे पाचशे मीटरपर्यंतचं पाणी, पुलावरच्या म्हणजे जहाज चालवायच्या जागेवरच्या माणसाला दिसलं नाही तरी ते नियमात बसतं. वीस नॉटने ते अंतर तुम्ही पन्नास सेकंदांत कापता. त्या पन्नास सेकंदांत तुम्ही त्याच्यासाठी नसताच, दिवे कितीही चांगले असोत. नाकापुढून जाऊ नका, पिछाडीने जा. दिवसाउजेडी, जहाजांना वाट दाखवायला पायलट असलेल्या बंदरात, ७ ऑगस्ट २०१० ला एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं मुंबईच्या तोंडाशी एकमेकांवर आदळली. कंटेनर पाण्यात तरंगत होते आणि वाट काही दिवस बंद राहिली. मोठ्या जहाजांना एकमेकांपासूनही निसटता येत नाही, तिथे तुमच्यासाठी ती वळतील हा भरवसा सोडा.

आता टगची गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे एवढं लिहायला बसलो. टग काही ओढत असेल तर तिच्या डोलकाठीवर एकाखाली एक असे दोन पांढरे असतात. टगच्या पिछाडीपासून ओढलेल्या बार्जच्या (सपाट मालवाहू तराफ्याच्या) टोकापर्यंत दोनशे मीटरच्या वर गेलं तर तीन. आणि पिछाडीला पांढऱ्याच्या वर पिवळा. हा पिवळा लक्षात ठेवा. बाकी सगळं विसरलात तरी हा नको.

मी सुकाणी होतो तेव्हाची गोष्ट, वीसेक वर्षं झाली. रिकामी बार्ज ओढत आम्ही करंज्याच्या बाजूने निघालो होतो. अमावास्येच्या आसपासची रात्र. बार्जवर बॅटरीचे कंदील होते, त्यातला आमच्या उजव्या अंगाचा हिरवा विझला होता आणि ते आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ती चूक आमची. उजवीकडून एक मासेमारी होडी आली, बाजूचे दिवे नाहीत, नाळेवर एक माणूस हॅलोजन हातात धरून उभा. त्यांनी आमची टग पाहिली, ती पुढे गेली असं समजले आणि मागच्या अंधारात नाक घातलं. त्या अंधारात आमची बार्ज ओढायची वायर होती, मनगटाएवढी जाड. ताणली की पाण्याबाहेर येणारी, सैल पडली की बुडणारी. आमचे सारंग, म्हणजे टगचे प्रमुख, जुने, हुकूम जुन्या बोलीतच द्यायचे, उजवीला 'जमना' म्हणायचे. ओरडले ते एवढंच: "इंजिन काढ, जमना बत्ती, वायरवर मार!" मी सर्चलाइट होडीवर न मारता वायर पाण्यात शिरते तिथे मारला, आणि सारंगांनी भोंग्याचे पाच आखूड टोले दिले. नाळेवरच्या माणसाला त्या उजेडात वायर दिसली. हॅलोजन त्याच्या हातातून पडला, ते मला अजून दिसतं. इंजिनाचा जोर निघाला तशी वायर सैल पडून खाली गेली, होडी तिच्यावरून सरकली, आणि बार्ज त्यांच्या पिछाडीमागून दोन होड्यांच्या अंतरावरून गेली. बार्जला ब्रेक नसतो. सारंगांनी नंतर स्वतः बार्जवर चढून कंदील बदलला, आणि त्या दिवसापासून निघण्याआधी बार्जचा प्रत्येक दिवा हाताने तपासल्याशिवाय मी वायर दिलेली नाही.

सर्चलाइट माणसावर मारला असता तर तो आंधळा झाला असता आणि सरळ वायरीवर गेला असता. नियमही हेच सांगतो: झोत धोक्याच्या दिशेला टाका, कुणाची अडचण होईल असा नको. तुमच्याकडे चांगला टॉर्च असेल तर तो असाच वापरा.

बाकीचे दिवे भराभर सांगतो. लालखाली पांढरा म्हणजे जाळी टाकून बसलेली बोट. मुलांना मी 'लाल वर, पांढरा खाली, जाळी आहेत पाण्याखाली' असं पाठ करून घेतो. जाळं दीडशे मीटरच्या पलीकडे पसरलं असेल तर त्या दिशेला आणखी एक पांढरा, त्या बाजूने जाऊ नका. हिरव्याखाली पांढरा म्हणजे ट्रॉलर जाळं ओढतो आहे, त्याच्या मागून लांबून जा. उलट, पांढऱ्याखाली लाल म्हणजे पायलटची बोट. उभे दोन लाल म्हणजे जहाज ताब्यात नाही. उभे तीन लाल म्हणजे खोल बुडालेलं, वाट सोडू न शकणारं जहाज. लाल-पांढरा-लाल म्हणजे कामात गुंतलेलं, हवं तसं वळू न शकणारं जहाज, आपल्याकडे बहुधा गाळ काढणारा ड्रेजर. त्याच्या एका अंगाला दोन लाल आणि दुसऱ्या अंगाला दोन हिरवे असतात, हिरव्यांच्या बाजूने जायचं. दिवसा यातल्या बहुतेक गोष्टी काळे गोळे, शंकू आणि चौकट सांगतात.

भोंग्याचं म्हणाल, तर बारा मीटरखाली ठरावीक मापाचा भोंगा सक्तीचा नाही, पण ऐकू जाईल असं काहीतरी असलंच पाहिजे. मी म्हणतो, गॅसच्या डब्याचा हॉर्न आणि तोंडाने फुंकायचा एक, दोन्ही ठेवा. डबा ऐन वेळी रिकामा निघतो. एक आखूड म्हणजे मी उजवीकडे वळतो आहे, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन उलटं चालवतो आहे. आखूड म्हणजे सुमारे एक सेकंद, लांब म्हणजे चार ते सहा. पाच किंवा जास्त आखूड ऐकले तर ते तुमच्यासाठीच आहेत असं समजा: समोरच्याला तुमचा इरादा कळलेला नाही. उत्तरादाखल भोंगा वाजवत बसू नका, वेग कमी करा आणि उघड दिसेल एवढं वळा. पाच-पाच अंशांची वळणं रात्री कुणाला दिसत नाहीत.

आणि हे दिवे फक्त रात्रीचे नाहीत. दिसणं कमी झालं की दिवसाही लावायचे, आणि त्यात मुसळधार पाऊसही येतो. जुलैत दुपारी दोन वाजता सर आली, घारापुरी नाहीशी झाली, की दिवे लावा, वेग उतरवा, इंजिनाची बोट चालती असेल तर दोन मिनिटांच्या आत एक लांब भोंगा. पौष-माघातल्या पहाटेच्या धुक्यातही तेच. त्या पांढऱ्यातून टिणटिण घंटा ऐकू आली, मिनिटाला पाचेक सेकंद, तर पुढे कुणीतरी नांगरावर आहे. एक लांब आणि दोन आखूड ऐकू आले तर बहुधा टग, आणि मग तिच्या मागची वायर आठवा. एक लांब आणि तीन आखूड म्हणजे खुद्द ओढली जाणारी, तिच्यावर माणूस असेल तर.

तुम्ही जहाजाशेजारी सामान द्यायला थांबता तेव्हा बांधलेले असता, पण जागा मिळेपर्यंत नांगर टाकून बसलात तर बाजूचे दिवे बंद करून फक्त चारी बाजूंचा पांढरा ठेवायचा. लाल-हिरवा चालू ठेवून नांगरावर झोपलेली बोट मी पाहिली आहे. लोक ती हलेल म्हणून वाट बघत राहतात. बंदराच्या अधिकाऱ्यांना या नियमांवर स्थानिक नियम घालता येतात, म्हणून परवान्यावरच्या अटी आणि रात्री चालवायची मुभा आधी वाचून घ्या.

सगळं बसवून झालं की एका संध्याकाळी ओळखीच्या माणसाला मोरा धक्क्यावर उभं करा. बोट मैलभर बाहेर नेऊन नेहमीच्या वेगाने डावीकडे वळत मोठा, पूर्ण गोल फिरवा आणि त्याला फोनवर एवढंच विचारत राहा: आता कुठला रंग दिसतो? लाल, मग दोन्ही, मग हिरवा, मग नुसता पांढरा, या क्रमाने तो बोलला तर दिवे नीट बसले आहेत. मध्ये कुठे "काहीच दिसत नाही" म्हणाला, तर तिथेच बोट थांबवा आणि आड काय आलं आहे ते शोधा.